ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढताना: आधी डेटा, मग दान, शेवटी भंगार

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून सीएंची ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था, शाळा, सगळीकडे माळ्यावरची कॉम्प्युटरची रास वाढते आहे. ती हलवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी ठरलेली. दिवाळीआधी साफसफाई निघते, भंगारवाल्याला फोन जातो, तो वजनावर भाव करतो, टेम्पो निघून जातो. मग कोणाला तरी आठवतं की त्यातल्या एका मशीनमध्ये जुन्या वर्षांचा टॅलीचा डेटा होता आणि दुसऱ्यात पेशंटचे रिपोर्ट.

यात तीन जबाबदाऱ्या एकदम अंगावर येतात: ज्यांची माहिती आपल्याकडे आहे त्यांच्याबद्दलची, ते मशीन अजून वापरू शकेल अशा माणसाबद्दलची, आणि ते मोडून त्यातलं तांबं-सोनं काढणाऱ्या हातांबद्दलची. तिन्ही सांभाळता येतात. त्यासाठी खर्च फारसा नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. पाच ते पन्नास मशीन असलेल्या आणि आयटीचा वेगळा विभाग नसलेल्या जागांसाठी तो क्रम पुढे दिला आहे.

तयारी: एक माणूस, एक खोली, एक वही

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी ठरवा. या कामाला एकच जबाबदार माणूस नेमा. "सगळ्यांनी बघा" म्हटलं की कोणीच बघत नाही. कुलूप लागणारी एक खोली किंवा कपाट मोकळं करा, कारण पुसलेली आणि न पुसलेली मशीन एकत्र ठेवली की गोंधळ ठरलेलाच. आणि एक वही किंवा एक्सेल शीट उघडा.

हाताशी लागेल ते: एक बाह्य हार्डडिस्क (बॅकअपसाठी), एक पेनड्राइव्ह (त्यावरून मशीन सुरू करण्यासाठी), सटा ते यूएसबी केबल (बाहेर काढलेली डिस्क दुसऱ्या मशीनला जोडण्यासाठी), बारीक स्क्रूड्रायव्हर, तीन रंगांचे स्टिकर. वेळेचा अंदाजही आधी घ्या. एक टीबीची साधी हार्डडिस्क मशीनमध्येच ठेवून पूर्ण पुसायला दोन ते तीन तास लागतात. जुन्या यूएसबी २ पोर्टवरून पुसली तर अख्खी रात्र जाते. भंगाराचा टेम्पो उद्या सकाळी येणार असेल तर त्याला पुढची तारीख द्या.

टप्पा १: प्लग काढण्याआधी यादी

प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि पुढच्या गोष्टी लिहा: प्रकार, कंपनी, सीरियल नंबर, कोण वापरत होतं, चालू की बंद, आत साधी हार्डडिस्क आहे की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क), आणि डिस्कचा स्वतःचा सीरियल नंबर. शेवटचा रकाना लोक हमखास सोडतात. पुढे "ही डिस्क पुसली" असं प्रमाणपत्र हातात येतं, पण ती डिस्क कुठल्या मशीनमधली हे कोणालाच सांगता येत नाही.

यादी करताना नजर फक्त सीपीयू आणि लॅपटॉपवर ठेवू नका. माहिती जिथे साठते पण कोणाच्या लक्षात येत नाही अशा वस्तू जास्त आहेत:

- मोठी झेरॉक्स-स्कॅनर मशीन. बऱ्याच मशीनमध्ये हार्डडिस्क असते आणि कॉपी केलेल्या, स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर उरू शकतात. मशीन भाड्याचं असेल तर ते परत जाताना डिस्कही सोबत जाते.
- सीसीटीव्हीचा डीव्हीआर. आत साधी हार्डडिस्क असते.
- बोटाचे ठसे घेणारं हजेरी मशीन. कर्मचाऱ्याचा पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.
- वायफाय राउटर. नेटचं लॉगिन आणि पासवर्ड आत तसेच असतात.
- डिजिटल सहीचे टोकन, जुने पेनड्राइव्ह, सीडी, ड्रॉवरमधले फोन.

सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर इथेच थांबून डेड स्टॉक रजिस्टर उघडा. नोंद असलेली वस्तू निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय दाराबाहेर काढता येत नाही. मुख्याध्यापकांनी चांगल्या हेतूने दिलेला कॉम्प्युटरही लेखापरीक्षणात "गहाळ" ठरू शकतो.

> तपासा: यादीतली संख्या आणि खोलीत प्रत्यक्ष मोजलेली संख्या जुळते का? जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. सापडत नसलेला लॅपटॉप बहुधा कोणाच्या तरी घरी असतो.

टप्पा २: कोणतं मशीन कुठे जाणार

आता स्टिकर लावा. हिरवा म्हणजे आपल्याकडेच वापरायचं, पिवळा म्हणजे दुसऱ्याला द्यायचं, लाल म्हणजे मोडीत.

हिरव्याचा विचार आधी आणि मनापासून करा. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच खर्ची पडलेला असतो. म्हणून आहे ते मशीन आणखी तीन वर्षं चालवणं हे "ग्रीन" लेबल लावलेलं नवं मशीन आणण्यापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतं. कॉम्प्युटर मंद चालतो, म्हणून तो जुना झाला असं आपण ठरवून टाकतो. उघडून पाहिलं तर आत साधी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असते. तिथे एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली की टायपिंग, ईमेल, टॅली आणि ब्राउझर यांसाठी तेच मशीन पुन्हा कामाला लागतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यात न बसणारी मशीन मोडीत काढायलाच हवीत असं नाही. लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून रिसेप्शन, वाचनालय, डेटा एन्ट्री अशा जागी ती चालतात. मात्र सपोर्ट संपलेलं विंडोज १० तसंच ठेवून त्यावर नेट बँकिंग किंवा जीएसटी पोर्टल उघडणं सोडून द्या. काटकसर तिथे करायची नाही.

लाल स्टिकर कशाला? काचेचे जाड सीआरटी मॉनिटर, मदरबोर्ड गेलेली मशीन, स्क्रीन फुटलेले आणि बॅटरी फुगलेले लॅपटॉप. एवढंच. "दिसायला जुनं" हे कारण पुरेसं नाही.

टप्पा ३: पुसण्याआधी काय काय काढून घ्यायचं

यात घाई केली की नुकसान आपलंच होतं.

*फाइली.* डेस्कटॉप आणि डाउनलोड्स या दोन फोल्डरपासून सुरुवात करा. कुठल्याही दवाखान्याच्या किंवा एजंटच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्स उघडून बघा: आधार कार्डांच्या पीडीएफ, पॅन कार्डांचे फोटो, व्हॉट्सॲपवरून उतरवलेले रिपोर्ट, कॅन्सल्ड चेक, शेकड्यांनी. त्यातलं जे खरंच लागणार तेच बॅकअपमध्ये घ्या. अख्खी डिस्क उचलून नव्या मशीनवर ओतली तर जुनी जबाबदारी नव्या पत्त्यावर गेली, एवढंच.

ठेवायचं काय, हे अंदाजाने ठरवू नका. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, कंपनीचे हिशेब आठ आर्थिक वर्षांचे. बाकीचं तुमच्या सीएंना विचारा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्याचा रोख स्पष्ट आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नाही, तर ती पुसा. माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान ऑफिसला एवढा दंड होईल असं नाही, पण "आम्ही तर छोटे" हे उत्तर चालणार नाही.

*मराठी फाइली.* डीटीपीचं काम करणाऱ्यांनी, जुने अंक आणि पत्रकं सांभाळणाऱ्या संस्थांनी इथे थांबावं. श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. नुसती फाइल कॉपी करून नेली आणि फॉन्ट मागे राहिला की नव्या मशीनवर अगम्य अक्षरं दिसतात. फॉन्ट सोबत घ्या, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि त्याची एक पीडीएफही काढून ठेवा. सीपीयूच्या मागे खोचलेलं डोंगल (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही तो छोटा यूएसबी खटका) काढायला विसरू नका. ते भंगारात गेलं तर सॉफ्टवेअरही गेलं.

*लायसन्स.* टॅलीत लायसन्स सरेंडर करण्याची सोय आहे. मशीन चालू आणि नेटला जोडलेलं असताना ती वापरा. अडोबीसारख्या प्रोग्रॅममधून साइन आउट करा. आधी डिस्क पुसली आणि मग लायसन्स आठवलं, तर पुढचे दिवस कस्टमर केअरच्या फोनवर जातात.

*खाती आणि ओटीपी.* जुन्या फोनवर ऑथेंटिकेटर ॲप असेल तर ते आधी नव्या फोनवर न्या. आयकर, जीएसटी, पीएफ या पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर कोणत्या सिमचा आहे ते पाहा. वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेल्या फोनमधलं सिमच नेमकं तिथे नोंदलेलं असतं. यूपीआय ॲपमधून खाती काढा. ॲपलच्या उपकरणात आयक्लाउडमधून आणि अँड्रॉइडमध्ये गूगल खात्यातून बाहेर पडा. हे न करता फोन रिसेट केला तर पुढचा माणूस तुमचा पासवर्ड मिळेपर्यंत तो उघडूच शकत नाही, म्हणजे दिलेला फोन त्याच्या काहीच कामाचा नाही. मुदत संपलेली डिजिटल सही टोकनमधून डिलीट करा.

> तपासा: बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नाही. तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. टॅलीची कंपनी लोड होते का, पाच-सहा फाइली नीट उघडतात का, ज्याचं ते मशीन होतं तो माणूस "हो, सगळं आहे" म्हणतो का. त्याची सही वहीत घ्या.

टप्पा ४: डिस्क पुसणं

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा लांबवतो.

डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, किंवा क्विक फॉरमॅट मारलं, म्हणजे डेटा गेला हा समज अजून सगळीकडे आहे. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका फाडतं, पानं जागच्या जागी राहतात. रेकुव्हा किंवा फोटोरेक यांसारखी फुकट मिळणारी साधनं ती पानं अर्ध्या तासात वाचायला लागतात.

दुसरा समज याहून महागात पडतो: मशीन सुरू होत नाही, म्हणजे डेटाही गेला. सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड बहुधा पॉवर सप्लायचा किंवा मदरबोर्डचा असतो. डिस्क ठणठणीत असते. ती काढून यूएसबी केबलला लावली की सगळं दिसतं. तेव्हा बंद मशीनची डिस्क सगळ्यात आधी बाहेर काढा.

१. बाकी सगळं सोडवा. बॅकअपची डिस्क, जादाचे पेनड्राइव्ह, नेटवर्क केबल काढून ठेवा. पुसायचं साधन सुरू झालं की ते समोर दिसणाऱ्या ड्राइव्हची यादी देतं. त्यात बॅकअपची डिस्कही जोडलेली असेल तर चुकीच्या ओळीवर एंटर दाबायला एक क्षण पुरतो. ड्राइव्हचा आकार आणि सीरियल नंबर वहीशी जुळवा, मगच पुढे जा.

२. साधी हार्डडिस्क. एनवाइपसारखं साधन पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करा (श्रेडओएस नावाच्या पेनड्राइव्हवर चालणाऱ्या सिस्टीममध्ये ते तयार मिळतं) आणि पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं किंवा बेतरतीब अक्षरं लिहा, शेवटी पडताळणी चालू ठेवून. एकदा पुरतं. सात वेळा, पस्तीस वेळा पुसण्याचे सल्ले आजही फिरतात, पण ते फार जुन्या डिस्कच्या काळातले आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची मार्गदर्शिकाही आजच्या डिस्कसाठी एक फेरी पुरेशी मानते. जास्तीच्या फेऱ्यांत वीज आणि वेळ जातो, हाती काही येत नाही.

३. एसएसडी. वरची पद्धत इथे चालत नाही. एसएसडी झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून लिहिलेलं आपल्या मर्जीने इकडेतिकडे ठेवते, आणि काही जागा राखीव ठेवते जी बाहेरून दिसतच नाही. वरून शून्यं लिहिली तरी जुने तुकडे त्या राखीव जागेत उरू शकतात. तिला आतूनच "सगळं पूस" अशी आज्ञा द्यावी लागते. डेल, एचपी यांच्या ऑफिससाठीच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारा मशीनचा सेटिंग मेनू) ही सोय असते, डेलमध्ये "डेटा वाइप" आणि एचपीमध्ये "सिक्युअर इरेज" नावाने. नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं साधन वापरा, जसं सॅमसंगचं मॅजिशियन. जुनी साधनं, विशेषतः डीबॅन, एसएसडीसाठी बनलेलीच नाहीत.

४. विंडोजचं रिसेट. सेटिंग्ज, सिस्टीम (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी), रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग. बरेच जण इथे "नेक्स्ट" दाबून मोकळे होतात. त्याआधी "चेंज सेटिंग्ज" उघडा आणि "क्लीन डेटा" हे बटण चालू करा. ते बंद ठेवलं तर फाइली नजरेआड होतात, पण परत काढता येतात. घरच्या घरी दिल्या जाणाऱ्या मशीनला हा मार्ग चालेल. ग्राहकांची, पेशंटची माहिती असलेल्या मशीनला वरचेच दोन मार्ग.

५. फोन. अँड्रॉइड १० सह विक्रीला आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनमधला डेटा मुळातच एन्क्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) असतो, त्यामुळे खाती काढून फॅक्टरी रिसेट केलं की पुरे. फार जुना फोन असेल तर आधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा, नसेल तर चालू करून मग रिसेट करा. मेमरी कार्ड वेगळं काढा. रिसेटचा त्याच्याशी संबंध नसतो.

६. झेरॉक्स मशीन, डीव्हीआर, हजेरी मशीन. झेरॉक्स मशीनच्या ॲडमिन मेनूत डिस्क ओव्हरराइट करण्याचा पर्याय शोधा. भाड्याचं असेल तर पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या. ॲड्रेस बुकमधले ईमेल पत्तेही काढा. डीव्हीआरची डिस्क बाहेर काढून क्रमांक २ प्रमाणे पुसा. हजेरी मशीनमध्ये सगळे युजर आणि ठसे डिलीट करून मग फॅक्टरी रिसेट.

७. पुसताच न येणारी डिस्क. खरखर आवाज करणारी, ओळखलीच न जाणारी डिस्क फोडावी लागते. साध्या डिस्कच्या तबकड्यांमधून ड्रिलने चार-पाच भोकं आरपार पाडा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची तबकडी बऱ्याचदा काचेची असते आणि चुरा उडतो, म्हणून गॉगल लावा. एसएसडीत प्रत्येक काळी चिप तुटली पाहिजे. एक जरी अखंड राहिली तर तिच्यातला डेटाही अखंड राहिला. चुंबकाने एसएसडी पुसली जात नाही. आणि जाळायचं काहीही नाही.

चालू डिस्क फोडण्याची हौस मात्र आवरा. पुसलेली डिस्क एखाद्या शाळेत आणखी काही वर्षं चालते.

> सावधान: "आम्ही पुसून घेऊ, तुम्ही द्या तर खरं" असं सांगणाऱ्याच्या हाती न पुसलेली डिस्क देऊ नका. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन वित्तसंस्थेने आपली जुनी यंत्रणा हलवायचं आणि निकामी करायचं काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान-वाहतूक कंपनीला दिलं. ग्राहकांची माहिती असलेली त्यातली काही उपकरणं ऑनलाइन लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने त्यासाठी ३.५ कोटी डॉलर दंड वसूल केला.

टप्पा ५: पुसलं गेलं का, ते पाहणं

ज्याने पुसलं त्याने तपासू नये. दुसऱ्या कोणाला तरी दर दहातल्या दोन-तीन डिस्क उचलायला सांगा आणि त्यांच्यावर फोटोरेक चालवा. एकही फाइल वर येता कामा नये. आली तर त्या दिवशी पुसलेली सगळी तुकडी पुन्हा घ्या. वहीत तारीख, पद्धत, पुसणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव लिहा. मशीनवर "पुसलं" अशी पट्टी लावून ते दुसऱ्या कपाटात ठेवा.

टप्पा ६: बॅटऱ्या आणि टोनर वेगळे

लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही? खाली बॅटरी फुगली आहे. ते मशीन पुन्हा चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. सुटी काढता येत असेल तर काढून टोकांवर चिकटपट्टी लावा आणि कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा. काढता येत नसेल तर अख्खा लॅपटॉपच तसा वेगळा ठेवा आणि नेणाऱ्याला आधी सांगा.

यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या ई-कचऱ्यात मिसळू नका. त्यांना २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू होतात. नवी बॅटरी देणाऱ्या डीलरकडे जुनी परत देणं सर्वात सोपं. टोनरची काडतुसं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. सांडलेली पूड ओल्या फडक्याने पुसा, घरचा व्हॅक्युम क्लीनर लावू नका.

टप्पा ७: पिवळे स्टिकर, म्हणजे दान

दानाच्या नावाखाली आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्याचे प्रकार भरपूर होतात. गावाकडच्या शाळेला वीस कॉम्प्युटर मिळतात, त्यातले सहा सुरू होतात, तिघांना माऊस नसतो, आणि फोटोत मात्र सगळे वीस ओळीने मांडलेले दिसतात. दोन वर्षांनी त्यांची विल्हेवाट लावायची कटकट त्या शाळेच्या गळ्यात.

मशीन बाहेर जाण्याआधी हे पाहा:

१. घेणाऱ्याला विचारा की हवं काय आहे. शाळेला वीस सीपीयू नको असतील. एक प्रोजेक्टर आणि पाच चांगले लॅपटॉप हवे असतील. वीज किती तास असते, हेही विचारा. दिवसातून चार तास वीज जाणाऱ्या गावात यूपीएसशिवाय डेस्कटॉप देण्यात अर्थ नाही.

२. मशीन सलग काही तास चालवून बघा. बायोसचा पासवर्ड काढा. कंपनीने बसवलेलं दूरनियंत्रणाचं लॉक असेल तर आयटी पुरवठादाराकडून ते काढून घ्या.

३. चोरीचं विंडोज टाकून देऊ नका. मशीनचं मूळ लायसन्स असेल तर तेच टाका, नाहीतर लिनक्स मिंट आणि लिबरऑफिस. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून, एक मराठी परिच्छेद टाइप करून बघा.

४. चार्जर, पॉवर केबल, मॉनिटरची केबल मशीनलाच बांधून द्या.

५. निदान पहिल्या तिमाहीसाठी फोन उचलेल असा एक माणूस द्या. पुढे मशीन बंद पडलं तर ते कुठे द्यायचं, हेही घेणाऱ्याला लिहून द्या.

कर्मचाऱ्यांना स्वस्तात विकणार असाल तर भाव सगळ्यांसमोर ठरवा आणि चिठ्ठ्या टाका. साहेबांच्या मर्जीतल्याला चांगला लॅपटॉप गेला की तो विषय पुढे कित्येक महिने चहाच्या टेबलावर पुरतो. जीएसटी नोंदणी असेल तर विक्रीवर कर येतो, बिल करा.

टप्पा ८: लाल स्टिकर, म्हणजे मोडीत

भंगारवाला जास्त भाव का देऊ शकतो, हे समजून घ्या. त्याच्यानंतरच्या साखळीत केबल उघड्यावर जाळून तांबं काढलं जातं, सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढलं जातं, आणि उरलेलं पाणी गटारात. केबलवरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन निघतं. जुन्या सोल्डरमध्ये आणि सीआरटीच्या काचेत शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या मागच्या दिव्यांत पारा. हातमोजे, धुराडी, सांडपाण्यावर प्रक्रिया यांचा खर्च तिथे नसतो, म्हणून तुमच्या हातात दोन पैसे जास्त पडतात. नोंदणीकृत रिसायकलर कमी देईल, लहान तुकडीला कदाचित उलट वाहतुकीचे पैसे मागेल. ते बजेटमध्ये धरा.

याचा अर्थ भंगार-कचरा वेचणाऱ्यांना वगळा असा नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि कचरावेचकांची स्वच्छ सहकारी संस्था संघटितपणे काम करतात. गोळा करणं हे त्यांचं कसब आहे. प्रश्न येतो तो मोडण्याच्या टप्प्यावर, आणि तो रिसायकलरच्या कारखान्यातच व्हायला हवा.

१. रिसायकलर शोधा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरची यादी आहे. त्यातून महाराष्ट्रातले, किंवा गोव्यात असाल तर तिथून नेणारे निवडा. सध्या लागू आहेत ते २०२२ चे ई-कचरा नियम, १ एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या नियमांतलं प्रमाणपत्र कोणी दाखवत असेल तर नवी नोंदणी मागा.

२. नाव जुळवा. टेम्पो घेऊन येणारा अनेकदा मधला माणूस असतो. पावती, प्रमाणपत्र आणि पोर्टलवरचं नाव एकच हवं. "आमचं टायअप आहे" हे पुरेसं नाही. ज्याच्याशी टायअप आहे त्याच्याकडून ईमेल मागवा.

३. तीन प्रश्न विचारा. बोर्ड कुठे जातात? सीआरटीची काच कुठे जाते? बघायला येऊ का? तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला माल देऊ नका.

४. मोजून द्या. तुमच्या यादीप्रमाणे नगांनी, आणि वजनानेही. मशीनच्या आत सोल्डर केलेली, पुसता न आलेली डिस्क असेल तर ती तुमच्या माणसासमोर तोडायला सांगा.

एखाद्या आर्थिक वर्षात नियमांच्या यादीतली १,००० किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था "मोठा ग्राहक" ठरते, आणि नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांनाच ई-कचरा देणं तिच्यावर बंधनकारक आहे. यादीत १०६ प्रकारची उपकरणं आहेत आणि मोजणी नुसत्या कॉम्प्युटरची नाही. चार-पाच शाखांचं कॉलेज किंवा मध्यम हॉस्पिटल फोन, प्रिंटर, एसी धरून तिथे सहज पोचतं.

> सावधान: प्रमाणपत्र आधी आणि माल नंतर, असं कोणी करून देत असेल तर तो कागद विकतो आहे.

टप्पा ९: फाइल बंद करण्याआधी

एका फाइलमध्ये सगळं लावा: मूळ यादी, पुसल्याची नोंद, दानाच्या पोचपावत्या, रिसायकलरची पावती आणि नष्ट केल्याचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर सीरियल नंबर हवेत. "आयटी स्क्रॅप, १ लॉट" असं लिहिलेलं असेल तर परत पाठवा. हिशेबाच्या पुस्तकातून मालमत्ता काढल्याची नोंद सीएंकडून करून घ्या, विमा आणि एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) यादीतून त्या मशीनची नावं कमी करा. गेलेल्या मशीनची एएमसी वर्षानुवर्षं भरणारी ऑफिसं कमी नाहीत.

नवी मशीन घेताना ऑर्डरमध्ये दोन ओळी घाला. एक, बॅटरी आणि रॅम बदलता येणारं मॉडेल. दुसरी, वॉरंटीत डिस्क बिघडली तर जुनी डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची सोय. मोठ्या कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन ती देतात. ती नसेल तर बिघडलेली डिस्क, आतल्या सगळ्या डेटासकट, सर्व्हिस इंजिनिअर बॅगेत घालून घेऊन जातो.